अण्णांचा पिस्टन

विलायतेत, आमच्या स्लाऊच्या घरात दोन वास कायम असायचे, एक फोडणीचा आणि दुसरा जळक्या एरंडेलाचा. पाहुणे आले की आई दुसऱ्या वासाबद्दल माफी मागायची. गावी, विट्यात असताना एरंडेल म्हणजे पोट साफ करायचं औषध, एवढंच मला माहीत होतं. इथे अण्णा ते पाच-पाच लिटरच्या डब्यांनी आणत, मिथेनॉलमध्ये मिसळत आणि लिंबाएवढ्या इंजिनांना पाजत. मॉडेल विमानांची इंजिनं होती ती. त्यांना ठिणगी लागत नाही. डोक्यावरच्या प्लगमध्ये केसासारख्या तारेचं एक वेटोळं असतं, ते सुरुवातीला बॅटरीने लाल करायचं, मग इंजिन चालू असेपर्यंत आतल्या जाळाने ते लालच राहतं. म्हणून ती ग्लो इंजिनं. परसातल्या शेडमध्ये अण्णा एखादं इंजिन फळीवर पक्कं करून सुरू करत तेव्हा घरातल्या ताटल्या थरथरत, आणि पलीकडच्या घरातली म्हातारी कुंपणावर काठी आपटायची. काठीचा आवाज इंजिनाच्या आवाजात बुडून जायचा, पण ती इमानाने आपटत राहायची.

दुकानातून आणलेलं इंजिन म्हणजे अण्णांच्या मते अर्धवट शिजलेला भात. मॉडेल विमानं उडवणाऱ्यांच्या क्लबातली माणसं त्यांना इंजिनं आणून देत आणि अण्णा ती उघडून पुन्हा शिजवत. धूर बाहेर पडायची खिडकी कानशीने केसभर वर उचलायची. आत हवा जायचे रस्ते घासून गुळगुळीत करायचे. डोक्याखालची पातळ पत्र्याची चकती काढून दाब वाढवायचा, पण किती वाढवायचा ते आधी मोजायचं. त्यासाठी प्लगच्या भोकातून मऊ शिशाच्या तारेचा तुकडा आत सोडत, इंजिन एकदा हाताने फिरवत आणि चेपलेली तार बाहेर काढून मायक्रोमीटरमध्ये धरत. मायक्रोमीटरची टिकटिक ते कान लावून ऐकत. आमचे आजोबा गलाईवाले, सोनंचांदी गाळायला मुलूखभर फिरलेले. धातू हातात घेतला की तो आपल्याशी बोलतो, असं ते म्हणत. अण्णांशीही तो बोलत असावा, पण मी विट्याहून इथे आले तोवर त्यांच्या हातांना ऐकू येईनासं झालं होतं.

अण्णा इथल्या एका ओतशाळेत कामाला होते. साच्यातून निघालेल्या लोखंडी ओतीवांच्या कडा हातातल्या ग्राइंडरने तासायच्या, दिवसभर. त्या थरथरीने बोटांतल्या रक्तवाहिन्या मरतात. इथे त्याला व्हाइट फिंगर म्हणतात. थंडी पडली की त्यांची बोटं मेणासारखी पांढरी पडत, आधी टोकं, मग पेरं, आणि मग त्यांत काही धरलंय की नाही तेही त्यांना बघूनच कळे. आई सकाळी त्यांचा चहा मोठ्या कपात काठोकाठ भरायची, प्यायला कमी आणि हात शेकायला जास्त. भाकरी मोडताना त्यांच्या हातून तुकडा निसटला की तिघंही खाली बघायचो. याबद्दल घरात बोलायचं नाही, हा नियम कुणी केला नव्हता, तरी तो होता.

त्यामुळे त्यांची बोटं मी झाले. शाळेतून आले की दप्तर टाकून शेडमध्ये जायचं. अण्णा एखादा भाग माझ्यापुढे धरत.

"शालन, बघ गं, कड लागते का?"

मी बोट फिरवायचे. "लागते. इथे, खालच्या बाजूला."

"किती?"

"नखाच्या काठाएवढी."

मग ते कानशीचे दोन हात मारत आणि पुन्हा धरत. आईला हे पसंत नव्हतं. "पोरीचा अभ्यास राहू दे, हात काळे करून घ्या तिचे," ती खिडकीतून म्हणायची. "आणि अहो, डाळीलासुद्धा विमानाचा वास यायला लागलाय. खायची का उडवायची?"

"खाऊन बघ," अण्णा म्हणायचे, "उडालीस तर सांग."

आज मला वाटतं की माझं पहिलं शिक्षण त्या शेडमध्ये झालं. विट्याच्या शाळेत मी सातवीपर्यंत होते आणि तिथल्या बाईंचे माझ्यावर उपकार आहेत. स्लाऊच्या शाळेत इंग्रजी येत नसल्यामुळे मला सहा महिने मागच्या बाकावर चित्रं रंगवायला बसवलं, तरी तिथल्या गणिताच्या सरांचेही उपकार आहेत. पण एक सहस्रांश इंच म्हणजे किती हे मला बोटाने कळलं, आकड्याने नंतर. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. ती पदवी मेकॅनिकल इंजिनिअरिंगची आहे हे सांगितलं की लोक कौतुक करतात, आणि मला दर वेळी तो एक पिस्टन आठवतो.

त्या हिवाळ्यात ओतशाळेच्या डॉक्टरांनी अण्णांना लिहून दिलं की ग्राइंडर यापुढे धरायचा नाही. ओतशाळेत ग्राइंडर न धरणाऱ्या माणसाला दुसरं काम नव्हतं. महिना संपला की घरी बसा, असं त्यांना सांगण्यात आलं. आई तेव्हा विमानातल्या जेवणाचे ट्रे भरायला जायची, पण तेही आठवड्यातले तीनच दिवस. अण्णांना दुसरीकडे मिळणारं काम उघड्यावरचं होतं, आणि उघड्यावर त्यांचे हात टिकणार नव्हते. याच सुमाराला मिस्टर डॉब्सनने त्यांना बोलावलं. शर्यतीच्या मॉडेल विमानांची इंजिनं तयार करण्यात डॉब्सनचं नाव होतं. स्टेशनामागच्या एका आवारात त्याचं लहानसं वर्कशॉप होतं, दोन लेथ, एक गरम खोली आणि खिडकीशी बसायचं टेबल. त्याला त्या टेबलाशी बसून काम करणारा माणूस हवा होता. अण्णांची इंजिनं त्याने क्लबाच्या मैदानावर पाहिली होती. अण्णांच्या बाबुराव या नावाचा बॉब त्यानेच केला होता.

"एक इंजिन बनव, बॉब," तो म्हणाला होता. "सुरुवातीपासून शेवटपर्यंत तुझ्या हाताचं. मग बोलू."

अण्णांनी हे आम्हाला जेवताना सांगितलं. आईने हातातला खर्ड्याचा वाडगा खाली ठेवला. "बसून करायचं काम?"

"बसून. हीटरजवळ."

"मग करा की," आई म्हणाली, आणि तिने त्यांच्या ताटात न विचारता दुसरी भाकरी वाढली.

डॉब्सनने सांगितलेलं इंजिन नव्या जातीचं होतं. तोवर मी हाताळलेल्या इंजिनांत लोखंडी पिस्टन पोलादी नळीत चाले. नळीला लायनर म्हणतात. तो पिस्टन वरपासून खालपर्यंत सारखा, तेलातून बोट फिरावं तसा सरकायला हवा, आणि कुठे अडकला तर ते काम चुकलं, असं मी शिकले होते. या नव्या इंजिनाचं लायनर पितळेचं होतं, आतून क्रोमचा मुलामा दिलेलं, आणि पिस्टन ॲल्युमिनियमचा. लायनर डॉब्सनने दिलं, पिस्टन अण्णांनी कातायचा होता. सात आठवडे ते शेडमध्ये बसले. कुशीत गरम पाण्याची पिशवी, पायाशी रॉकेलचा हीटर. कातायचं, मोजायचं, टिकटिक ऐकायची, फेकायचं, पुन्हा कातायचं. फेकलेल्या पिस्टनांनी दुधाची एक बाटली भरली. या खेपेला त्यांनी मला हाक मारली नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तुझ्या हाताचं, हे डॉब्सनचं वाक्य त्यांनी शब्दशः घेतलं होतं. मी दाराशी उभी राहिले तर म्हणत, "जा बाळ, अभ्यास कर. हे माझं आहे."

इंजिन झालं तो शुक्रवार होता. रविवारी सकाळी डॉब्सनकडे जायचं होतं. अण्णांनी ते कापडात गुंडाळून स्वयंपाकघरात आणलं, टेबलावर ठेवलं आणि लाकडी पंखा लावून आम्हाला फिरवून दाखवायला गेले. पंखा अर्ध्यात अडला. त्यांनी पुन्हा बोट लावलं. बोट पात्यावरून घसरलं, आणि घसरल्याचं त्यांना पाहून कळलं. आई लगेच पोळपाट धुवायला वळली. "हात गार आहेत," अण्णा म्हणाले. "रविवारी आधी गरम पाण्यात घालीन." आणि त्यांनी इंजिन पुन्हा गुंडाळलं.

शनिवारी ते ओतशाळेत शेवटचा हिशोब घ्यायला गेले होते, आई ट्रे भरायला. मी घरी एकटी होते. इंजिन घेतलं आणि स्वतः फिरवून पाहिलं. खाली पिस्टन छान सरकत होता, पण अगदी वर, शेवटच्या टोकाला, तो आवळला जायचा आणि किर्र असा बारीक आवाज यायचा. मी चार-पाच वेळा फिरवलं. प्रत्येक वेळी तिथेच. मला काय वाटलं ते आजही नीट आठवतं. अण्णांना हे कळलेलंच नाही, असं वाटलं. त्यांची बोटं मेली आहेत, त्यांना हे लागलं नाही, आणि उद्या त्या माणसापुढे पंखा फिरवताना त्यांचं बोट पुन्हा घसरेल. सांगावं तर त्यांच्या हाताबद्दल बोलावं लागलं असतं. ते मी कसं बोलणार होते? मी त्यांची बोटं होते, आणि बोटांनी करायचं ते करायचं ठरवलं.

सिंकखालच्या कपाटात समया घासायच्या पॉलिशची बाटली होती. मी इंजिन उघडलं, ते मला डोळे मिटून जमायचं. पिस्टनला पॉलिश लावलं आणि लायनरमध्ये वरखाली, वरखाली, गोल फिरवत घासत राहिले. पॉलिश करडं होत गेलं. अर्ध्या तासाने पिस्टन वरपासून खालपर्यंत लोण्यासारखा सरकायला लागला. रॉकेलने सगळं धुतलं, तेल लावलं, इंजिन जोडलं आणि होतं तसं गुंडाळून ठेवलं. बोट लावलं की पंखा एका झटक्यात फिरत होता. लहान मुलालाही जमलं असतं. मी इतकी खूश होते की संध्याकाळी आईला न सांगता तिची कणीक मळून ठेवली.

रविवारी अण्णांनी गरम पाण्यात हात बुडवले, इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला म्हणाले, "चल, तूही चल. बघायला." डॉब्सनच्या वर्कशॉपमध्ये खरंच ऊब होती. उंच, वाकलेला माणूस, इंजिनांनी कानांत आणलेला बहिरेपणा, त्यामुळे सगळं ओरडून बोलायचा. त्याने मला स्टूल दिलं. अण्णांनी इंजिन चाचणीच्या फळीवर बसवलं, पंखा घट्ट केला आणि तो एकदा हाताने फिरवला.

बोटांना कळलं नसतं, पण मनगटाला कळलं. ते थांबले. पुन्हा एकदा, सावकाश फिरवला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. त्या पाहण्यात राग नव्हता. एखादी वस्तू जिथे ठेवली तिथे सापडली नाही की माणूस जसा बघतो, तसं ते होतं. त्या क्षणी ते डॉब्सनला थांबवू शकले असते. आज नको, काहीतरी बिघडलंय, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मग काय बिघडलं, कसं बिघडलं, हा प्रश्न आला असता. अण्णा डॉब्सनकडे वळले आणि म्हणाले, "रेडी."

डॉब्सनने इलेक्ट्रिक स्टार्टर पंख्याला लावला. इंजिन किंचाळून सुरू झालं. त्याने इंधनाची सुई आवळत नेली, आवाज चढत गेला, फेरे मोजायच्या यंत्रावर आकडा वर जायला लागला, आणि डॉब्सनच्या भुवयाही. माझ्या छातीत आनंद मावेना. मग अर्ध्या मिनिटात इंजिन तापलं आणि आवाज उतरू लागला. दमलेल्या माणसाने जिना चढताना कठड्याला धरावं तसा तो अडखळत खाली आला आणि थांबला. दुसऱ्यांदा ते त्याहून लवकर थांबलं. तिसऱ्यांदा सुरूच झालं नाही. डॉब्सनने प्लग काढला, लावला, पंखा बोटाने इकडेतिकडे हलवला.

"पिंच गेलाय, बॉब," तो ओरडला, आणि मग लक्षात येऊन हळू म्हणाला, "हे कुणी घासलं?"

"मी," अण्णा म्हणाले. "आय डिड. माय फिंगर्स. नो फीलिंग."

आणि त्यांनी आपले दोन्ही हात टेबलावर ठेवले, उताणे. इतक्या वर्षांत कुणाला दाखवले नव्हते ते हात. मी स्टुलावर बसून होते. तोंड उघडायचं होतं, उघडलं नाही. डॉब्सनने हातांकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "सॉरी, बॉब," तो म्हणाला. एवढंच.

घरी आल्यावर अण्णांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, इंजिन उघडलं आणि मला समोर बसवलं. मी रडायला लागले तर म्हणाले, "थांब. आधी समजून घे." ते लायनर वरच्या बाजूला जरासं अरुंद केलेलं असतं, मुद्दाम. थंड असताना पिस्टन तिथे आवळायलाच हवा, त्या आवळण्यालाच पिंच म्हणतात. जाळ वरच्या टोकाला होतो, म्हणून पितळ तिथे सगळ्यात जास्त फुगतं, आणि इंजिन तापलं की दोघांचं माप बरोबर जुळतं. थंडीत जो सैल, तो तापल्यावर गळका. किती सोपं होतं ते. ती किर्र म्हणजे चूक नव्हती. सात आठवडे ते त्या किर्रचाच पाठलाग करत होते.

"मला विचारायचं होतंस," ते म्हणाले.

मी का विचारलं नाही, हे त्यांनी विचारलं नाही. आई ओट्याशी पाठमोरी उभी होती. त्या दिवशी पिठलं खाली लागलं आणि आम्ही ते तसंच खाल्लं.

मंगळवारी शाळा सुटल्यावर मी बसने एकटीच डॉब्सनकडे गेले. वाटेत वाक्यं जुळवली होती, तिथे पोचल्यावर ती सगळी गेली. ते मी केलं, समयांच्या पॉलिशने केलं, वडिलांचं काम बरोबर होतं, असं काहीतरी बोलले. तो म्हणाला, "पण बॉब म्हणाला की त्याने केलं." मी म्हणाले, "ही लाइड." माझ्या त्या वेळच्या इंग्रजीत याहून सौम्य शब्द नव्हता. डॉब्सनने फळीवरून एक नवं लायनर उचललं, ॲल्युमिनियमच्या कांबीचा एक तुकडा उचलला आणि म्हणाला की हे पोस्टाने पाठवतो, बॉबला सांग, घाई नाही. मी घरी धावतच आले. वाटलं, मी सगळं दुरुस्त केलं.

पुडकं गुरुवारी आलं, सोबत चिठ्ठी. अण्णांनी ती दोनदा वाचली. मी त्यांच्या चेहऱ्यावर आनंद शोधत होते.

"तू गेली होतीस?"

"हो, अण्णा. मी त्यांना खरं सांगितलं."

"मी त्याला तोंडावर सांगितलं होतं, मी केलं म्हणून." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण कानापर्यंत ते लाल झाले होते. "आता त्याच्यापुढे मी कोण? खोटं बोलणारा. पोरीनं येऊन ज्याचं खोटं उघडं पाडलं तो. त्याच्या टेबलाशी मी कुठल्या तोंडानं बसू?"

"अहो, पण तो देतोय ना पुन्हा," आई म्हणाली. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता, मागणाऱ्या माणसाचा. "हीटरजवळचं काम आहे. तुमच्या हातांकडे तरी बघा."

"दया करतोय तो. शब्द गेला माझा, सरू."

"शब्दानं हात गरम होणार आहेत का?"

अण्णांनी चिठ्ठीची घडी करून ती खिशात ठेवली. आई दार आपटून वर गेली. पुढे ते हीथ्रोवर प्रवाशांच्या ट्रॉल्या गोळा करायच्या कामाला लागले, उघड्या कारपार्कात, वाऱ्यात, सात वर्षं. त्यांचं त्या वेळचं वागणं मला तरुणपणी मूर्खपणाचं वाटायचं. मी भांडलेही आहे त्यावरून, पदवी मिळाल्यावर, मोठ्या तोंडाने. आज त्यांच्या तेव्हाच्या वयाहून मी मोठी आहे आणि मला ते पुरतं समजलं असं नाही, पण मी त्याला मूर्खपणा म्हणणं सोडलं आहे. त्यांच्याकडे इथे दोनच गोष्टी होत्या, हात आणि शब्द. एक ओतशाळेने घेतली. दुसरी कुणामुळे गेली ते मला माहीत आहे.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर त्यांनी मला हाक मारली. टेबलावर ते लायनर आणि तो तुकडा, खाकी कागदात पुन्हा बांधलेले. डॉब्सनचा पत्ता मी लिहिला. आभाराच्या दोन ओळी त्यांनी सांगितल्या, त्याही मीच इंग्रजीत लिहिल्या. स्वयंपाकघरात हीटर बंद होता, त्यांची बोटं पेरांपर्यंत पांढरी होती. मी सुतळी पुडक्याला आडवीउभी घातली, पहिला पीळ दिला, आणि तो सुटू नये म्हणून त्यांनी नेहमीप्रमाणे त्यावर बोट ठेवलं. मी गाठ मारली आणि दोन्ही टोकं जोरात ओढली. ते खिडकीबाहेर बघत होते. बोट गाठीखाली अडकलं होतं, सुतळी कातड्यात रुतली होती.

"झालं का?" त्यांनी विचारलं.